आवाज बंद, चित्र चालू

"आठ मिनिटं पुरतील का बाई एका मुलाला?" मुख्याध्यापक चौगुले सरांनी विचारलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता. संगणक कक्षाचा वापर-आराखडा, मीच आखलेला, चार रकान्यांचा: विद्यार्थ्याचं नाव, वेळ, शब्द, शेरा.

"पुरतील सर. आठ मिनिटांत पाच शब्द. आपला मुलगा माइकवर शब्द म्हणेल, पलीकडचा मुलगा ओठ बघून तोच शब्द म्हणेल. शेरा दोन्हीकडचे शिक्षक देतील."

"आणि हातवारे?"

"हाताची घडी घालूनच बसवणार सगळ्यांना."

सर समाधानानं हसले आणि त्यांनी सही केली. मी तो कागद कक्षाच्या दारावर डकवला, चारी कोपरे अंगठ्यानं दाबून. माझ्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता.

२००८चा सप्टेंबर होता. सांगली जिल्ह्यातल्या मूकबधिर मुलांच्या आमच्या निवासी शाळेला पुण्यातल्या एका कंपनीनं दोन संगणक दिले होते, कॅमेऱ्यांसकट. तसेच दोन संगणक सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्याच एका शाळेला दिले होते. दर शनिवारी दोन्ही शाळांनी इंटरनेटवरून भेटावं आणि त्यातून मुलांची बोलण्याची तयारी व्हावी, अशी कल्पना. मी वाचा-शिक्षिका. शिवाय संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केलेली स्टाफमध्ये मी एकटीच, म्हणून संगणक प्रमुखही मीच झाले.

त्या काळी आमच्या शाळेत हातांनी खुणा करायला बंदी होती. मूल एकदा खुणांवर गेलं की बोलायचे कष्ट घेत नाही, असं आम्हाला डिप्लोमात शिकवलं होतं आणि मी ते मनापासून मानत होते. मी दुष्ट नव्हते. एकेका 'प'साठी मी चार-चार महिने घालवले आहेत. मुलाच्या ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची; 'प' नीट उमटला की पट्टी हलते. पट्टी हलली की मी टाळ्या वाजवायची, मूल हसायचं, आणि त्या रात्री मला शांत झोप लागायची. माझी अकरा वर्षं त्या पट्टीसमोर गेली होती.

काही मुलांची पट्टी मात्र हलायचीच नाही. सातवीतली रुक्साना शिकलगार त्यातली पहिली. चौदा वर्षांची, उंच, हडकुळी. वडील मिरजेला सतारी बनवत. तिच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात सलग तीन वर्षं एकच शेरा होता: 'प्रयत्न कमी, आकलन मंद.'

पहिला शनिवार उजाडला. तेवीस मुलं सतरंजीवर हाताची घडी घालून बसली. संगणकाच्या पडद्यावर पलीकडची शाळा उमटली, तिथंही मुलं तशीच घडी घालून. त्यांचे निकम सर कॅमेऱ्यात वाकून मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार बाई! ऐकू येतंय का?"

येत होतं, पण तुटत तुटत. पाचवीतल्या एका मुलानं माइकवर "पाणी" म्हटलं. ते पलीकडे पोचायला दोन-तीन सेकंद लागले आणि तिकडून परत आलं ते "आ... ई...". ओठ बघावेत तर चित्र अडकलेलं. शब्द संपून गेला तरी पडद्यावर तोंड उघडंच. निकम सर शेरा देत होते, मी शेरा देत होते, आणि मुलं आमच्या पलीकडं कुठंतरी भिंतीकडं बघत होती. वीस मिनिटांत कशीबशी दोन मुलं झाली.

तेवढ्यात शिपाई येऊन म्हणाला, सरांनी ऑफिसात बोलावलंय. फोनवर कुणी पालक होते. "घडी मोडायची नाही," असं मी तोंडानं सांगून, बोटानं दटावून गेले.

दहा मिनिटांनी परत येताना व्हरांड्यातच मला हसणं ऐकू आलं. आमच्या मुलांचं हसणं वेगळं असतं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळं ते आवरतही नाहीत. मला वाटलं, मारामारी चाललीय. मी जवळजवळ पळतच दारापर्यंत आले आणि तिथंच उभी राहिले.

रुक्साना कॅमेऱ्यासमोर उभी होती. तिचे हात चालले होते. मी हातवारे रोज बघत होते, चोरून केलेले, बाकाखाली केलेले, आणि दिसले की थांबवत होते. पण कुणी न थांबवता चाललेले हात मी कधी पाहिलेच नव्हते. त्या हातांत माणसं होती. एक लठ्ठ माणूस चालत आला, तो बसला, त्याच्या खालचं काहीतरी मोडलं. तिचे गाल फुगले, भुवया वर गेल्या, खांदे पडले. मग ती थांबली आणि पडद्याकडं बघत राहिली.

पडद्यावरची मुलं निश्चल होती. एक सेकंद, दोन, तीन. आणि मग तिकडचा सगळा वर्ग एकदम हसला. पुढचा एक मुलगा तर शेजारच्याच्या मांडीवर आडवा झाला. ते हसलेले बघून आमची मुलं पुन्हा हसली.

तिनं विनोद सांगितला होता. पाऊणशे मैलांवर तो पोचला होता.

या मुलांपैकी प्रत्येकाच्या कानाचा आलेख मला पाठ होता. कुणाला किती डेसिबलचं ऐकू येतं, कुणाचा 'ट' कच्चा आहे, हे मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. अकरा वर्षांत त्यातल्या एकानंही मला विनोद सांगितला नव्हता, आणि सांगत नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग एका लहान मुलीचं लक्ष माझ्याकडं गेलं. तिनं हाताची घडी घातली. शेजारच्यानं घातली. वारा यावा तशी ती घडी ओळीओळीनं पुढं सरकत गेली, शेवटी रुक्सानानंही हात बांधले. पडद्यावरच्या मुलांना काही कळेना. ती हात हलवत होती, उत्तर मागत होती. एक मुलगी उठून कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आली की पडद्यावर तिचा एक डोळाच तेवढा दिसायला लागला.

मी तास संपवला.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. हौसाताई बारा वर्षांपासून आमच्या वसतिगृहाचा स्वयंपाक करत. परातीत पीठ मळत होत्या.

"हौसाताई, मुलं वसतिगृहात हातवारे करतात ना? त्यात काय असतं?"

"काय असतं म्हंजी? बोलत्यात की."

"बोलतात म्हणजे, भूक लागली, पाणी पाहिजे, असंच ना?"

त्यांनी पीठ मळायचं थांबवलं. "समदं बोलत्यात बाई. कुणाचा बा दारू पितो, कुणाच्या भनीचं लगीन मोडलं. देव हाय का न्हाई त्यावरनं परवा दोन पोरी भांडल्या. रुक्साना तर कथेकरीण हाय. जेवान झालं की तिच्याभवती पोरं बसत्यात, आन् ती रोज नवीन काढत्या."

"तुम्हाला कळतं ते सगळं?"

"माझी आई मुकी हुती. मामा बी. मी तोंडानं बोलायच्या आदी हातानं बोलाय शिकले."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तुमी कवा इचारलं?" त्या सहज म्हणाल्या आणि पुन्हा पीठ मळायला लागल्या.

सोमवारी मी रुक्सानाला संगणक कक्षात बोलावलं. ती घाबरली होती. मी तिच्यासमोर फळ्याजवळ खडू ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, 'शनिवारी काय सांगत होतीस?' तिनं ते वाचलं. खोलीभर एक नजर टाकली आणि मग लिहायला लागली. तिचं लिहिणं तुटक असायचं; मी ते नेहमी लाल शाईनं दुरुस्त करत असे.

'खिडकी मागे. तोंड काळे.'

मला कळेना. तिनं माझा हात धरून मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं आणि पडद्याकडं बोट दाखवलं. खरंच की. मागच्या खिडकीच्या उजेडानं माझा चेहरा काळा डाग झाला होता. टेबल मीच तिथं मांडलं होतं, प्लग जवळ पडतो म्हणून.

आम्ही दोघींनी टेबल फिरवलं. ती पळत जाऊन वसतिगृहातून एक निळं ब्लँकेट घेऊन आली आणि उभं राहायच्या जागेच्या मागं खुंट्यांना अडकवलं. त्या गडद रंगावर हात लख्ख दिसायला लागले. मग तिनं पुन्हा खडू घेतला.

'संगणक २ बंद. चित्र पळते.'

दुसऱ्या संगणकावर मी शनिवारी शेरे भरत होते. तोही त्याच लाइनवर. मी तो बंद केला.

'आवाज बंद. चित्र जोर.'

मी निकम सरांना फोन करून जोडणी मागितली आणि दोन्हीकडचे माइक बंद करून पाहिले. मघापर्यंत अडखळणारं चित्र सैल झालं, चालायला लागलं. आमची लाइन अगदी बारीक होती. आवाज आणि चित्र दोन्ही तीतून जायचं, आणि जे कुणालाच ऐकू येत नव्हतं त्यासाठी आम्ही अर्धी वाट अडवून बसलो होतो. संगणकाचा कोर्स मी केला होता. तिनं फक्त अर्धा तास पडद्याकडं बघितलं होतं.

"हे तुला कसं कळलं?" मी विचारलं. माझे ओठ वाचून ती किंचित हसली, स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं.

त्या आठवड्यात मी सरांना न विचारता सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी चार वाजता कक्ष उघडा ठेवला. निकम सरही तयार झाले. ते फोनवर एवढंच म्हणाले, "बाई, माझी पोरं शनिवारपासून जेवताना तुमच्या त्या पोरीची नक्कल करतायत." मी दार लावून घ्यायची आणि मागं खुर्चीत बसून बघायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण काय चाललंय ते दिसत होतं.

लाइन कितीही सुधारली तरी भरभर हललेला हात पडद्यावर धुरासारखा फुटायचा. रुक्सानानं हात मंद केले. प्रत्येक खूण ती हवेत क्षणभर धरून ठेवायची, मग पुढची. मोठ्या हालचाली तिनं छातीच्या चौकटीत आणल्या, कारण त्याबाहेरचं कॅमेऱ्याला दिसत नव्हतं. एक वाक्य झालं की ती थांबायची. तिकडून कुणीतरी तळहात दाखवायचं: पोचलं. तळहात आला नाही तर तेच वाक्य पुन्हा. दोन्ही शाळांच्या खुणाही एक नव्हत्या. त्यांचं 'पाणी' वेगळं, आमचं वेगळं. त्यांचा 'रविवार' वेगळा, 'आई' वेगळी. सोमवारी मुलं एकमेकांना वस्तू दाखवून विचारत होती. शुक्रवारी रुक्साना पडद्याकडं तोंड करून त्यांच्या खुणा करत होती आणि मागं वळून आमच्या मुलांशी आमच्या. मधे अडखळत नव्हती. हे कुणी आखून दिलं नव्हतं. दोन गावांतल्या पन्नास मुलांनी मिळून चार-पाच दिवसांत, माझ्या डोळ्यांदेखत, बोलण्याची एक रीत बसवली होती. मी नुसती खुर्चीत बसून होते.

शुक्रवारी जाताना ती दारावरच्या माझ्या आराखड्यापाशी थांबली. मुलांच्या नावांवर, आठ-आठ मिनिटांवर बोट फिरवलं आणि मान हलवली. फळ्यावर लिहिलं, 'एक सांगणार. सगळे बघणार. मग प्रश्न.' खाली थोडा विचार करून, 'लहान पुढे.'

मी तो कागद काढला आणि नवा लिहिला. चार रकाने नव्हतेच. तिच्याच तीन ओळी.

त्याच संध्याकाळी शाळा सुटताना चौगुले सरांनी मला गाठलं.

"बाई, उद्या आण्णा येतायत." आण्णासाहेब मगदूम आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शेजारचं हायस्कूलही त्यांच्याच संस्थेचं. "हायस्कूलवाल्यांनी ही इंटरनेटची लाइन मागितलीय. त्यांच्याकडं नववी-दहावीची चारशे मुलं. आण्णा म्हणाले, मूकबधिर मुलं त्या यंत्रावर बोलायला लागलेली मला दाखवा, लाइन इथंच ठेवतो. नाही तर सोमवारी हलवायची."

"सर, मुलं बोलतायत, पण..."

"बोलतायत ना? मग झालं. बरी बोलणारी आठ निवडा. 'नमस्ते', 'माझे नाव', 'भारत'. आणि ती शिकलगार मागं बसवा. उगीच तिच्यावर नजर नको."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आण्णा आले. पांढरं धोतर, कोट, हातात काठी, ऐंशीच्या घरातले. त्यांच्यासाठी खुर्ची मांडलेली. चौगुले सर त्यांच्या उजव्या हाताला उभे. निवडलेली आठ मुलं पहिल्या ओळीत, केस विंचरून, हाताची घडी घालून. रुक्साना भिंतीशी.

जोडणी लागली. पडद्यावर निकम सरांची मुलं आली. सर म्हणाले, "चला बाई, सुरू करा."

माझा हात माउसवर होता. माइकच्या चित्रावर बाण आणला होता. एकदा दाबलं की माइक सुरू होणार, पडद्यावरची ती मुलं पुन्हा अडकणार, आणि मग आठ मुलं एकेक करून 'भारत' म्हणणार. त्यांनी ते बरं म्हटलंही असतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. आठही जणांची नजर माझ्या ओठांवर होती, भुकेल्यासारखी नव्हे, परीक्षेला बसल्यासारखी.

मी माउस सोडला. दारात जाऊन हाक मारली, "हौसाताई, जरा या." त्या पदराला हात पुसत आल्या. मी रुक्सानाकडं बघून समोर बोट दाखवलं. निळ्या ब्लँकेटसमोरची जागा.

"बाई, हे काय?" सर हळूच म्हणाले.

"आण्णांनी मुलं बोलताना बघायचंय ना सर? ती बोलेल. हौसाताई आपल्याला सांगतील."

रुक्साना पुढं आली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. मागच्या मुलांनी घड्या सोडल्या आणि लहान मुलं आपणहून पुढं सरकली.

"येक हत्ती हाय," हौसाताई खाली बघत, लाजत म्हणाल्या. "सर्कशीतनं पळालाय. त्येला साळंत नाव घालायचंय."

रुक्सानानं सोंड वर केली, कान हलवले, दार ठोठावलं. थांबली. पडद्यावर तळहात वर आला. पोचलं.

"हेडमास्तर बाहीर आलं." रुक्सानानं ओठांवरून दोन बोटं फिरवून मिशी पिळली. आमच्या मुलांची मान एकदम चौगुले सरांकडं वळली. आण्णांचीही. "म्हंत्यात, जन्माचा दाखला आन. हत्ती म्हंतो, मी लई मोठा हाय, दिसत न्हाई व्हय?"

आण्णा खुदकन हसले. चौगुले सरांचा हात नकळत मिशीकडं गेला आणि परत आला.

"मग त्येला बोलायच्या वर्गात बसवलं. बाक मोडला. मग आल्या..." हौसाताई थांबल्या.

"कोण आलं?" आण्णांनी विचारलं.

रुक्सानानं डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं टक-टक मारली होती. हौसाताई माझ्याकडं बघत होत्या.

"सांगा ना हौसाताई."

"बाई आल्या. म्हंजी... तुमी." त्या अगदी हळू म्हणाल्या. "ही तुमच्या नावाची खूण हाय. समदी पोरं तुमाला असंच म्हंत्यात."

टक-टक. हात हलवणाऱ्या मुलाच्या मनगटावर मी दोन बोटं आपटायची. जोरात कधीच नाही. ती शिक्षा आहे असंसुद्धा मला कधी वाटलं नव्हतं, नुसती आठवण, 'हात खाली.' अकरा वर्षांत किती मनगटं असतील. मुलांनी मला दुसरं काही नाव दिलं नव्हतं.

"पुढं सांगा," मी म्हटलं.

"बाईंनी त्येच्या तोंडाम्होरं कागदाची पट्टी धरली. म्हन 'प'. हत्तीला काय ईना. बाई म्हंत्यात, जोर लाव. पुन्यांदा. जोर लाव. मग हत्तीनं दम घेतला..."

रुक्सानाची छाती फुगली. गाल फुगले. उजवा हात खांद्यापासून वर गेला, सोंड उभी राहिली, ताठ. आणि पडदा गोठला.

पलीकडची पंचवीस मुलं होती तशी थिजली. लाइन गेली होती. मी माउसकडं हात नेला, पण करण्यासारखं काही नव्हतं. कधी कधी ती आपोआप परत यायची, कधी नाही.

रुक्सानानं हात खाली घेतला नाही. तिचा श्वास कोंडलेला, डोळे पडद्यावर, हात वर. मला वाटलं, आता सोडेल. सोडला नाही. आमची मुलं हलली नाहीत. पहिल्या ओळीतल्या सगळ्यात लहान मुलानं तोंडात बोट घातलं होतं, ते तसंच राहिलं. अर्धं मिनिट गेलं असेल. तिचा दंड थरथरायला लागला, नाकानं थोडा थोडा श्वास घेत होती, पण सोंड वाकली नाही. ती सोंड पलीकडं जिथं थांबली होती तिथूनच पुढं जायला हवी होती, मधला एक कणही सांडायला नको होता. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज खोलीत आम्हा चौघांनाच ऐकू येत होता. आण्णांनी काठीवरचा हात उचलला होता, तो परत काठीवर ठेवायलाही ते धजले नाहीत.

मी देवळात जाते, पण असं उभं राहिलेलं कुणी मी कधी पाहिलं नव्हतं.

पडदा हलला. एक मुलगी दिसली, मग दुसरी. एक तळहात वर आला, पाठोपाठ पंचवीस. पोचलं. आम्ही आहोत.

आणि रुक्सानानं हात सोडला.

कागदाची पट्टी उडाली. वह्या उडाल्या, बाकं उडाली, छपराची कौलं उडाली, बाई उडाल्या. हेडमास्तरांची मिशी उडाली, ती गोल गोल फिरत बाहेर गेली आणि शिपाई तिच्यामागं पळाला. हौसाताई सांगायचं विसरून हसत होत्या, पण आता सांगायची गरज नव्हती. दोन्हीकडची मुलं ओरडून हसत होती, हात वर करून हलवत होती. चौगुले सरही हसत होते, रुमालानं डोळे पुसत.

हसणं ओसरेपर्यंत तास संपला. शिपायानं सवयीनं खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद केला. आमच्याकडं घंटा अशीच वाजते. गोष्ट तिथंच तुटली. बाई, म्हणजे मी, अजून हवेतच होते.

आण्णा बसूनच मला म्हणाले, "आवाज का बंद होता?"

"आण्णा, लाइन बारीक आहे. आवाज सोडला की चित्र अडकतं. आणि आवाज त्यांच्या कामाचा नाही."

हे वाक्य मी बोलले आणि माझ्या अकरा वर्षांकडं मला बघवेना.

"मला यातलं कळत नाही," ते सावकाश म्हणाले. "पण ती पोर हात वर धरून होती ना, तेव्हा मला वाटलं, आपण हललो तर तिच्या हातातलं काहीतरी पडेल." मग सरांकडं वळून, "चौगुले, हायस्कूलला दुसरी लाइन बघा. ही राहू दे."

शाळा एका दिवसात बदलली असं नाही. चौगुले सरांनी सोमवारी मला सांगितलं, शनिवारचा तास तेवढा मोकळा, वर्गात घडी पूर्वीसारखीच. वर्गांमधून ती जायला आणखी सहा वर्षं लागली, आणि त्यासाठी मला बरीच भांडणं करावी लागली. रुक्साना आज पुण्यात सांकेतिक भाषा शिकवते. तिच्याकडं शिकायला ऐकू येणारी माणसंही येतात.

पण त्या सोमवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले होते. "हौसाताई, 'पुढं काय झालं?' हे हातानं कसं विचारायचं?" त्यांनी दाखवलं. मी दहा वेळा करून पाहिलं, बोटं आखडत होती. मग मैदानात जाऊन रुक्सानासमोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत तिला हातानं विचारलं. पुढं काय झालं? त्या बाईंचं?

आजूबाजूची मुलं खेळायची थांबली. रुक्साना माझ्या हातांकडं बघत राहिली. मग तिनं माझं मनगट धरलं, माझा चुकलेला अंगठा नीट आत वळवला आणि पुन्हा करायला लावलं. मी केलं. तिनं मान डोलावली आणि अगदी सावकाश, मला कळेल अशी एकेक खूण धरत, उत्तर दिलं.

अजून ठरलं नाही. शनिवारी ये. लवकर ये, जागा मिळत नाही.

शनिवारी मी दहा मिनिटं आधी गेले. सतरंजीवर तिसऱ्या ओळीत, दोन मुलांच्या मधे, एक जागा मिळाली.